पारणं नसलेला उपवास

(बुलढाणा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्यांनी आयुष्यभर शाळा शिकवली. शाळकरी वयातच बहुतेक वेळा सुरू होणाऱ्या एका आजारावर त्यांच्या नावाने बोलायला मिळतंय, याबद्दल संयोजकांचे आभार. पत्रिकेवर विषय ‘आहारविकार’ असा छापलाय. तो वाचून एका स्नेह्यांनी मला फोनवर विचारलं, ‘‘म्हणजे शुगरवाल्यांनी काय खावं, ते सांगणार ना?’’ तसं नाही. समोर वाढलेलं ताट आहे, घरात धान्य आहे, आई आग्रह करते आहे, आणि तरी घास घशाखाली उतरत नाही. किंवा उतरतो तेव्हा थांबता येत नाही. अशा माणसांबद्दल मी बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्याला न जेवणं नवीन नाही. तीन प्रकारचं न जेवणं आपण पिढ्यान् पिढ्या ओळखतो.

पहिलं दुष्काळाचं. १९७२ साल आठवणारी मंडळी इथे बसलेली आहेत. खडी फोडायला गेलेल्या आया, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो. ती उपासमार होती, आणि तिचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

दुसरं व्रताचं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, हरतालिकेचा निर्जळी उपास. ज्या जिल्ह्यात शेगाव आहे, तिथे उपास आणि प्रसाद दोन्हींना मान असणारच. गजानन महाराजांचं प्रथम दर्शन १८७८ साली घडलं ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, असं पोथी सांगते. प्रकटदिनाला आपण झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी पंगतीला वाढतो. अन्नाचा एक कण वाया जाऊ नये, हा संस्कार आपल्या मातीतला आहे.

तिसरं बाईचं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी, भाजी संपली तर ठेच्याशी भाकर लावणारी, ‘मला भूकच नव्हती’ म्हणून उठणारी बाई. तिला आपण सोशिक म्हणतो, संसारी म्हणतो.

चौथं न जेवणं मात्र आपण ओळखत नाही. ते आजाराचं असतं. आणि ते आपल्याला दिसत नाही, कारण ते या तिन्हींच्या आड सहज लपतं. पोरगी वाळली तर रक्त कमी आहे म्हणतो. उपास वाढले तर देवभोळी आहे म्हणतो. जेवायला शेवटी बसू लागली तर शहाणी झाली म्हणतो. आजची माझी सगळी मांडणी एवढीच आहे, की हा चौथा प्रकार वेगळा ओळखायला शिकू या. कारण ओळखला तर त्याला उपचार आहे, आणि त्या उपचारातला मोठा भाग आपल्याच घरात होतो.

एक मुलगी तुमच्यासमोर उभी करतो. ओळख पुसली आहे. दोन-तीन मुलींच्या हकिकती एकत्र करून ही एक केली आहे. घाटाखालचं गाव. एप्रिल महिना. मलकापूर-शेगावकडचा एप्रिल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर रस्ता भाजतोय आणि ही सतरा वर्षांची मुलगी दवाखान्यात स्वेटर घालून बसलेली. बोटं गार, नखं निळसर. हातावर बारीक, मऊ लव उगवलेली. पाळी कित्येक महिने आलेली नाही. आई सांगते, ‘‘काईच खात नाही डाक्टरसाहेब. भाकर वाढली का तुकडे तुकडे करत बसते. मी पाठ फिरवली का कुत्र्याले टाकते.’’ मुलगी म्हणते, ‘‘मले भूकच नाही लागत. दोन घास खाल्ले का पोट गच्च होते.’’ त्याआधी त्यांनी काय काय केलं होतं? जंताचं औषध, लोहाच्या गोळ्या, भुकेचं टॉनिक, पोटाची दुर्बिणीने तपासणी, आणि एका अमावास्येला उतारा. सगळं मनापासून, पैसा खर्चून. फक्त एक प्रश्न कोणी विचारला नव्हता : ‘बाळ, जेवायची भीती वाटते का?’ तो विचारल्यावर ती रडायला लागली.

तिने कुठेही ‘मला बारीक व्हायचंय’ असं म्हटलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराचं मुख्य लक्षण म्हणून जाड होण्याची भीती लिहिलेली असते. पण १९९० च्या दशकात हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी पाहिलेल्या रुग्णांत, आणि भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या अनेक रुग्णांत, ही भीती बोलून दाखवलेली नव्हती. पोट भरल्यासारखं वाटतं, दुखतं, भूक मेली, असंच त्या सांगत होत्या. आपल्याकडे दुखणं पोटाच्या भाषेत सांगितलं जातं. त्यामुळे पुस्तकातली भीती शोधत बसलेला डॉक्टर समोरची मुलगी हुकवू शकतो.

या आजाराला अॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. तो मोबाइलच्या जमान्यातला मुळीच नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ साली क्षयावरच्या ग्रंथात अशी एक मुलगी वर्णिली : ताप नाही, खोकला नाही, तरी झिजत चाललेली. पुढे १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी आणि त्याच सुमारास लंडनमध्ये विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे हा आजार मांडला. नाव गल यांनी दिलेलं. लासेग यांनी तर घरच्यांचं वागणंही टिपलं : आधी विनवण्या, मग धमक्या, पुन्हा विनवण्या, आणि दोन्हींनी आजार आणखी घट्ट होतो. दीडशे वर्षं झाली, आपल्या स्वयंपाकघरात अजून तेच चाललेलं आहे.

दुसरा प्रकार ब्युलिमिया. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी त्याला वेगळं नाव दिलं. यात माणूस थोड्या वेळात, ताबा सुटल्यासारखं खूप खातो आणि मग पश्चात्तापाने ते शरीराबाहेर काढायचा प्रयत्न करतो. वजन बहुतेक वेळा सर्वसाधारण असतं, म्हणून घरात वर्षानुवर्षं कळत नाही. खुणा दुसरीकडे दिसतात : दातांचं आवरण झिजतं, गालाखालच्या लाळग्रंथी सुजतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि त्यातून हृदयाचा ठोका चुकू शकतो. अशा वेळी आजार पहिल्यांदा दंतवैद्याच्या खुर्चीत पकडला जातो. जिल्ह्यातल्या दंतवैद्यांना मी हे मुद्दाम सांगतोय.

तिसरा प्रकार अनिर्बंध खाण्याचा, बिंज ईटिंगचा. २०१३ पासून तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला जातो, आणि या तिन्हींत तोच सर्वांत जास्त आढळतो. रात्री घर झोपल्यावर फळीवरचा शेवेचा, चिवड्याचा डबा उघडणारी सून, आणि सकाळी ‘लाडवांना मुंग्या लागल्या, टाकून दिले’ असं सांगणारी. दर वेळी तिला भूक असतेच असं नाही. खाताना चवही कळत नाही. मागे उरते ती शरम. आपण तिला खादाड म्हणतो, आणि ती पुढच्या सोमवारपासून कडक उपास धरते. उपासाने भूक साठते, साठलेली भूक रात्री फुटते, आणि चक्र फिरत राहतं.

आता मुलांकडे वळतो. ‘हे पोरींचं दुखणं’ हा समज चुकीचा आहे. पहाटे अंधारात मेहकर-लोणारच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरं तुम्ही पाहता. पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर उंची लागते, ७९ सेंटिमीटर छाती आणि ती पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे, १६०० मीटर धावायचं. ही पोरं कष्टाळू आहेत, त्यांच्या स्वप्नाला माझा सलाम. पण त्यातल्या एखाद्याचं धावणं भरतीसाठी उरत नाही. भरतीची तारीख निघून जाते आणि हा दिवसातून तीनदा धावत राहतो, पायाला दुखापत झाली तरी. एखादा आरशात दंड बघून बघून स्वतःला काडीपैलवानच समजतो, घरचं जेवण बंद करून पावडरीच्या डब्यांवर राहतो. मुलगा आहे म्हणून कोणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.

आता साहजिकच प्रश्न येतो : एवढी शिकलीसवरलेली पोरगी, तिला कळत नाही का? जेवायचं तर आहे!

याचं उत्तर एका प्रयोगात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपाशी राहिलेल्या युरोपला पुन्हा कसं जेवू घालायचं, हे शोधण्यासाठी. चोवीस आठवडे. ही मनाने धडधाकट पोरं होती. आणि झालं काय? ती चिडचिडी झाली, उदास झाली, एकलकोंडी झाली. दिवसभर अन्नाचाच विचार. स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करू लागली. एक घास चघळत बसायची, जेवण तासभर लांबवायची. अंगाला सतत थंडी. पुन्हा पोटभर जेवू लागल्यावरही काहींचं खाणं कित्येक महिने ताळ्यावर आलं नाही. म्हणजे ज्याला आपण मुलीचा हट्ट, स्वभाव, नखरा म्हणतो, त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं काम असतं. ती तुकडे करत बसते, घरच्यांसाठी गोडधोड करून स्वतः खात नाही, इन्स्टावर रात्रभर पाककृती बघते. मेंदूला अन्न मिळाल्याशिवाय त्या मेंदूशी वाद घालून उपयोग नाही. म्हणून या आजारात पहिलं औषध अन्न असतं. समुपदेशन त्याच्या जोडीने चालतं, त्याच्या जागी नाही.

मग आजार सुरू कशाने होतो? एका कारणावर बोट ठेवता येत नाही. काही कुटुंबांत कल जन्मतः असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासात अॅनोरेक्सियाशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या, आणि त्यातल्या काहींचा संबंध शरीराच्या चयापचयाशी होता. काटेकोर, पहिला नंबर सोडायला तयार नसलेला स्वभाव असतो. एखादा आजार, नकोसा स्पर्श, वसतिगृहातलं एकटेपण, ‘नीट’ परीक्षेच्या तयारीचा ताण, साखरपुडा मोडणं, असं काही निमित्त होतं. आणि त्यावर भोवतालची हवा.

या हवेचं एक ठळक उदाहरण फिजी बेटांवरचं आहे. तिथे भरल्या अंगाला मान होता. नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही पोहोचला. अॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी त्या वेळी केली आणि पुन्हा १९९८ मध्ये केली. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी पहिल्या खेपेला एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. आपल्याकडेही फार लांबची गोष्ट नाही, ‘खात्यापित्या घरची दिसते’ ही मुलीची स्तुती होती. आज तेच वाक्य टोमणा म्हणून टाकतात. पोहे घेऊन आलेल्या मुलीला बघून गेलेले पाहुणे घरी निरोप पाठवतात, ‘बाकी सगळं पसंत, जरा अंग कमी करा.’ आणि बाळंतपणानंतर माहेरी आलेल्या लेकीला ओसरीवरूनच, ‘‘लय फुगली व माय तू!’’ बोलणारीच्या मनात काही नसतं. ऐकणारी मात्र ते वाक्य घेऊन झोपते.

तरीही आईबापांनो, एक गोष्ट ठासून सांगतो : हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही. विल्यम गल यांनी १८७४ साली लिहून ठेवलं होतं, की अशा रुग्णाजवळ ठेवायला नातेवाईक बहुधा सर्वांत वाईट. पुढची शंभर वर्षं डॉक्टर तेच धरून बसले. मुलीला घरापासून तोडून रुग्णालयात ठेवायचं. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या मंडळींनी हे उलटं करून पाहिलं. घरच्यांनाच उपचारात घेतलं. १९८७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : कमी वयात आजार सुरू झाला आहे आणि फार वर्षं झालेली नाहीत, अशा मुलांना कुटुंबाला धरून केलेल्या उपचाराचा जास्त फायदा झाला. आज किशोरवयातल्या अॅनोरेक्सियासाठी जगभर हीच पद्धत आधी सुचवली जाते. माझ्या मते ती आपल्या जिल्ह्यासाठीच बनल्यासारखी आहे. आपल्याकडे तज्ज्ञ कमी आहेत, पण घरात माणसं आहेत. आजी आहे, काकू आहे, मोठा भाऊ आहे.

ही पद्धत चालते कशी, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ऐकून घरी जाऊन करण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे.

पहिला टप्पा. काय खायचं, किती खायचं, कधी खायचं, हे ठरवायचं काम काही काळ मुलीकडून काढून घ्यायचं. शिक्षा म्हणून नाही. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतो, तसं. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी. ताट आई वाढणार, आणि आई-बाप दोघांचं एकमत असणार. आई भाकर वाढते आणि बाप म्हणतो, ‘जाऊ दे, अर्धीच खाऊ दे’, की आजार जिंकला. जेवताना जवळ बसायचं. गप्पा शेताच्या, शाळेच्या, मालिकेच्या, अन्नाच्या नाही. ती अडली तर एकच वाक्य, हळू आवाजात, हवं तितक्या वेळा : ‘‘अवघड जातंय, कळतंय मला. मी इथेच बसलेय. हा घास घे.’’ जेवणानंतर तासभर तिला एकटीला सोडायचं नाही. सोबत मेथी निवडायची, कॅरमचा डाव टाकायचा. वजन घरी करायचं नाही, दवाखान्यातच करायचं.

काय बोलायचं नाही, तेही सांगतो. ‘लोकांना खायला मिळत नाही आणि तुझे हे लाड!’ आजीने बहात्तर पाहिलेलं असतं, तिच्या तोंडून हे पटकन निघतं. त्याने मुलीच्या मनातला अपराधीपणा वाढतो, घास वाढत नाही. ‘आता छान गुबगुबीत दिसतेस’ हेसुद्धा नको. तिच्या कानाला ते ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं.

दुसऱ्या टप्प्यात, वजन आणि नाडी ताळ्यावर आली की, जेवणाचा कारभार हळूहळू तिच्याकडे परत द्यायचा. आधी मधलं खाणं, मग एक जेवण, मग शाळेचा डबा. तिसऱ्यात तिच्या वयाचे प्रश्न : अभ्यास, मैत्री, लग्नाची घाई, पुढे काय करायचं. सगळ्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. ब्युलिमिया आणि अनिर्बंध खाण्याच्या आजारात ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली, विचार आणि सवयी दोन्हींवर काम करणारी मानसोपचार पद्धत उपयोगी पडते. ब्युलिमियात काही औषधंही मदत करतात. ती मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

एक इशारा. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घालणं धोक्याचं असतं. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांत हे दिसलं : अन्न मिळाल्यावर रक्तातल्या फॉस्फेटसारख्या क्षारांचं प्रमाण कोसळलं आणि हृदय बंद पडलं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखाली. वजन, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, नाडी, ईसीजी, साखर, पोटॅशियम, फॉस्फेट एवढ्या तपासण्या करायला हव्यात. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, आतड्याचे आजार हेही बघून घ्यायचे. आपल्या भागात वाळलेल्या मुलीत क्षय आधी तपासलाच पाहिजे. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, नाडी मिनिटाला ५० च्या खाली, पाणीही नको म्हणणं, किंवा जीव द्यायची भाषा, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही. १०८ ला फोन करायचा. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारं मूल वजन घटवायला इन्सुलिन चुकवू लागलं तर तेही तातडीचंच समजा. हा आजार जीव घेतो. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा अॅनोरेक्सियाने गेलेल्यांत दर पाचांतला एक आत्महत्येने गेलेला होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००२ साली हान्स-क्रिस्टोफ स्टाइनहाउझेन यांनी जुन्या ११९ अभ्यासांचा ताळा मांडला. अॅनोरेक्सियातून जगलेल्यांतले जवळजवळ निम्मे पूर्ण बरे झाले, साधारण एक तृतीयांश सुधारले, आणि पाचांतला एक दीर्घकाळ आजारी राहिला. कमी वयात, लवकर उपचार मिळालेल्यांचा निकाल चांगला लागतो.

जायचं कुठे? बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी शासनाचे ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. पाळी चुकली, वजन घटलं, यासाठी तिथे गेलं तर कोणी वेड्यांच्या दवाखान्यात गेली म्हणणार नाही. अकोला आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि २०२४ पासून बुलढाण्याचंही स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. घरबसल्या बोलायचं असेल तर ‘टेली मानस’ची हेल्पलाइन १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांप्रमाणेच धरायला सांगितलं आहे. दावा नाकारला तर ही तरतूद दाखवा. डॉक्टरांना भेटाल तेव्हा ‘जेवण जात नाही’ एवढंच सांगू नका. काय काय टाकलं, कधीपासून, पाळी, चक्कर, जेवणानंतर लगेच मोरीत जाणं, हे कागदावर लिहून न्या. गडबडीच्या ओपीडीत असा कागद फार कामाला येतो.

आधाराचं म्हणाल, तर दारू सोडणाऱ्यांच्या मराठी सभा आपण पाहिल्या आहेत. एकाच दुखण्याची माणसं आठवड्यातून एकदा बसतात, कोणी कोणाला उपदेश करत नाही. तशाच, अशा मुलींच्या चार आया एका ओसरीवर बसल्या तरी पुष्कळ झालं. मात्र तिथे कोणाचं वजन किती झालं, कोण किती कमी खात होती, हे आकडे काढायचे नाहीत. या आजारात आकडा ऐकणाऱ्याला तो पैजेसारखा वाटतो. मीही आज एकाही मुलीचं वजन सांगितलं नाही, ते यासाठीच.

मघाशी म्हटलं, हा आजार इतर न जेवण्यांच्या आड लपतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत २०.८ टक्के कमी वजनाच्या, २३.४ टक्के जादा वजनाच्या, आणि ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त बायका फिकट असतील, तर एका फिकट मुलीकडे कोण बघणार? आता दुसरं चित्र बघा. २०२४-२५ च्या हिवाळ्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा भागात लोकांचे केस मुळापासून गळू लागले. काही दिवसांतच आरोग्य पथकं गावात, पाण्याचे, रक्ताचे नमुने, दिल्लीहून शास्त्रज्ञ, सगळ्या वाहिन्या. वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. धावून जायला हवंच होतं. तोंडाला ओढणी बांधून बसलेल्या त्या तरुण मुलींचं दुःख मोठं होतं. पण टक्कल दिसतं, म्हणून यंत्रणा हलली. ताटातली चोरून टाकलेली भाकर दिसत नाही. ती बघायला पथक येणार नाही. ती घरातल्यांनाच, शाळेतल्यांनाच दिसू शकते.

शिक्षकांना म्हणूनच दोन विनंत्या. आरोग्य तपासणीला वर्गासमोर वजनं मोठ्याने वाचू नका. पडद्याआड करा, कार्डावर लिहा. आणि हुशार, शांत, कधी तक्रार नसलेली मुलगी डबा मैत्रिणींना वाटून टाकत असेल, तर तिच्या दानशूरपणाचं कौतुक करण्याआधी तिच्या आईला बोलवा.

कीर्तनकार, पुजारी, घरातली वडीलधारी यांनाही एक सांगायचं आहे. व्रताला विरोध मी करत नाही. पण व्रत ओळखायची खूण सोपी आहे : त्याला पारणं असतं. एकादशीनंतर द्वादशी येते, उपास सोडणारा माणूस आनंदाने पानावर बसतो. जिचा उपास सोडायची वेळ आली की चेहरा पडतो, जी सोमवारला गुरुवार जोडते, गुरुवारला शनिवार, आणि पारण्याच्या दिवशीच आजारी पडते, तिचं व्रत राहिलेलं नाही. आजारी माणसाला आपला धर्म उपासातून सूट देतो. ती सूट तुमच्या तोंडून तिला मिळाली, तर माझ्या चिठ्ठीपेक्षा तिचं वजन जास्त असेल.

शेवटचं पुरुषांशी बोलतो, कारण सभागृहात तुम्ही संख्येने जास्त आहात. आपल्या बहुतेक घरांत आधी बापे जेवतात, मग पोरं, मग बायका आणि मोठ्या मुली. तुमचं ताट उचललं जातं, तुम्ही टीव्हीसमोर जाऊन बसता, आणि तुमची मुलगी काय जेवते, जेवते की नाही, हे तुम्हाला वर्षभर कळत नाही. आईला कळतं, पण ती एकटी काय काय बघणार? हा आजार लपायला जी सर्वांत मोठी जागा लागते, ती आपण आपल्या जेवायच्या क्रमानेच करून दिली आहे. ही जागा काढून घ्यायला डॉक्टर लागत नाही, शासनाचा निर्णय लागत नाही, पैसाही लागत नाही. रोज रात्रीचं एक जेवण घरातल्या सगळ्यांनी एका वेळी, एका पंगतीत घ्यायचं. वाढणारीसुद्धा पंगतीत बसेल, ज्याला लागेल तो हाताने वाढून घेईल. बहुतेक घरांत यातून काहीच निघणार नाही, चार गप्पा होतील, तेवढाच फायदा. एखाद्या घरात मात्र बापाला पहिल्यांदा दिसेल, की मुलगी भाकरीशी खेळतेय, खात नाहीये. त्या दिवशी ओरडू नका, दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन या. तुम्ही स्वतः घेऊन या, आईवर सोपवू नका.